जुनीचं इंजिन, नवीचा सांगाडा : वाचकांचे प्रश्न

नोव्हेंबर २०२४ मध्ये मारुतीने चौथ्या पिढीची डिझायर आणली. तेव्हापासून या सदराच्या टपालात एकच प्रश्न नाना तोंडांनी येतो आहे : नवी घ्यावी, की तिसऱ्या पिढीची एखादी चांगली ठेवलेली गाडी सेकंडहँड उचलावी? बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, सगळीकडून. म्हणून या वेळी तीच पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको, दोन मुलं आणि आई असे पाच जण. रोज खानापूर–बेळगाव जा-ये, महिन्यातून एकदा जांबोटी–चोर्लामार्गे गोवा. २०२१ ची डिझायर व्हीएक्सआय, ५८ हजार किलोमीटर झालेली, सांगून आली आहे. दुसरीकडे नवी व्हीएक्सआय. नवीला तीनच सिलिंडर आहेत म्हणून मित्र ‘नको’ म्हणतात. काय करावं?
— वाचक, खानापूर

उत्तर : सांगून आलेल्या स्थळाची आधी कुळी बघू. ‘जुनी डिझायर’ ही एक गाडी नाही, दोन आहेत. मे २०१७ ते मार्च २०२० या काळातल्या पेट्रोल गाडीला ८३ पीएसचं (पीएस म्हणजे ताकदीचं माप) के१२एम इंजिन होतं, सोबत १.३ लिटरचं ७५ पीएस डिझेलही मिळत होतं. मार्च २०२० मध्ये तोंडवळा बदलला, बीएस-६ या धुराच्या नव्या नियमांमुळे डिझेल बंद झालं आणि पेट्रोलला के१२एन हे ड्युअलजेट इंजिन आलं : चार सिलिंडर, ९० पीएस, ११३ न्यूटन मीटर. तुम्हाला सांगून आलेली गाडी ही दुसरी. खात्री करायची तर आरसीवरचा इंजिन नंबर बघा, त्याची सुरुवातच इंजिनाच्या जातीने होते.

नव्या गाडीत झेड१२ई इंजिन आहे. तीन सिलिंडर, ८२ पीएस, ११२ न्यूटन मीटर. कागदावर टॉर्क, म्हणजे न्यूटन मीटरमधला ओढायचा जोर, जवळपास सारखा आहे आणि गावात, बेळगावच्या रस्त्यांवर फरक जाणवणारही नाही. तो जाणवतो चोर्ल्यात. पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू आणि कणकुंबीच्या पुढची वळणं. तिथे ओझं ओढायला इंजिन वरच्या फेऱ्यांत फिरवावं लागतं आणि त्या फेऱ्यांत जुनं चार सिलिंडरचं इंजिन जास्त मोकळं, कमी कुरकुर करत फिरतं. नव्यात तुम्हाला दुसरा गिअर जास्त वेळ धरून ठेवावा लागेल. तिसरा लवकर टाकलात की गाडी मान टाकते. हे दोष म्हणून सांगत नाही, सवयीचा भाग आहे. पण इंजिनापुरता निवाडा विचाराल तर तो जुनीच्या बाजूने.

अ‍ॅव्हरेजचं गणित उलट आहे. कंपनीचे चाचणीतले आकडे मॅन्युअलसाठी जुनीच्या शेवटच्या गाड्यांना लिटरमागे २२.४१ आणि नवीला २४.७९ किलोमीटर. वर्षाला १२ हजार किलोमीटर धरले तर या आकड्यांनी साधारण ५१ लिटरची बचत होते. प्रत्यक्ष रस्त्यावर दोन्ही गाड्या कमीच देतात, त्यामुळे लिटरमधला फरक थोडा वाढून ७० च्या घरात जाईल. म्हणजे वर्षाला पाच ते सात हजार रुपये. एवढ्यासाठी नवी गाडी घ्यायची गरज नाही. शोरूममध्ये मात्र याच आकड्यावर सगळ्यात जास्त बोललं जातं.

खरा फरक पत्र्याच्या आत आहे. ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत जुन्या डिझायरला दोन तारे होते. नवीला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाच आणि मुलांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले, आणि तिचा सांगाडा ‘स्थिर’ ठरला. म्हणजे त्या धडकेतही बसायची जागा चेपत गेली नाही. नवीत सगळ्या व्हेरिएंटना सहा एअरबॅग, पाचही जागांना तीन टोकांचे पट्टे आणि ईएसपी, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा, आहे. जुनीत दोन एअरबॅग, आणि २०२० च्या बदलात ईएसपी फक्त एजीएस, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या, गाड्यांना दिलं होतं. मागे बसणारी आई आणि दोन मुलं यांचा विचार केला तर प्रश्नच उरत नाही. ९० पीएस आणि पाच तारे यांतलं एकच निवडायचं, तर पाच माणसांच्या घराने तारे निवडावेत. पैसे पुरत असतील तर तुम्ही नवी घ्या. मुलं लहान असतील तर आयसोफिक्सला (मागच्या सीटमधल्या पक्क्या कड्यांना) अडकणारी लहान मुलांची सीटही त्याच दिवशी घ्या, नुसत्या पट्ट्याने लहान मूल धरलं जात नाही.

वॉरंटीही बघा. जुलै २०२४ पासून मारुतीची मूळ वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर झाली. आधी ती २ वर्षं किंवा ४० हजार होती. सांगून आलेल्या गाडीची, वाढीव वॉरंटी घेतलेली नसेल तर, केव्हाच संपली आहे.

पैसे पुरत नसतील आणि जुनीच घ्यायची असेल, तर बघायला सकाळी जा, इंजिन थंड असताना. मालकाने आधीच गाडी ‘गरम करून’ ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जा. थंड इंजिन सुरू करताच पहिले दोन-तीन सेकंद साखळीची खडखड ऐकू आली तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही असं समजा. या गाड्यांना टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. ती आपणहून तुटत नाही, पण काळ्या ऑइलवर चालवली की तिला ताणून धरणारा ताणक लवकर सैल होतो. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये दर १० हजार किलोमीटर किंवा १२ महिने, जे आधी येईल ते, अशी नोंद हवी. के१२एनला ०डब्ल्यू-१६ हे अगदी पातळ ऑइल लागतं. बाहेरच्या गॅरेजात बऱ्याचदा ‘घट्ट ऑइल चांगलं’ म्हणून २०डब्ल्यू-४० ओततात. तसं झालं असेल तर थंड इंजिनात ऑइल वर चढायला उशीर होतो आणि अ‍ॅव्हरेजही पडतं.

मग डिकी उघडून गालिचा उचला आणि स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. खानापूरकडच्या पावसात राहिलेल्या गाडीत तिथे ओल, माती किंवा गंजाचा डाग सापडतो. मागच्या दिव्याचं रबर गेलं की पाणी तिथेच उतरतं. चारही दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती मातीने बुजलेली असतील तर दार आतून गंजतंय. पुढच्या काचेखालच्या जाळीत कुजलेला पाला असेल तर तेही चांगलं लक्षण नाही. ते पाणी ब्लोअरकडे जातं.

शेवटी बॅटरी. या इंजिनाला सिग्नलवर आपोआप बंद-चालू होण्याची सोय आहे, त्यासाठी ईएफबी जातीची बॅटरी लागते. स्वस्त म्हणून साधी बसवली असेल तर ती वर्ष-दीड वर्षात झोपते, आणि त्याआधीच बंद-चालूची सोय काम करायची थांबते. चाचणी फेरीत इंजिन गरम झाल्यावर ती सोय एकदाही चालली नाही तर बॅटरीचं बिल मागा.

प्रश्न : नवी डिझायर घेऊन तीन महिने झाले. उभी असताना, विशेषतः एसी लावला की, सीट आणि स्टिअरिंग थरथरतं. जुनीत असं नव्हतं. सर्व्हिस सेंटर म्हणतं, ‘सगळ्या गाड्या अशाच.’ खरं का?
— वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : अर्धं खरं. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेरीला, म्हणजे १८० अंशांवर एक स्फोट होतो. तीन सिलिंडरमध्ये तो २४० अंशांवर होतो, म्हणजे दोन धक्क्यांमधली जागा मोठी. शिवाय पहिला आणि तिसरा पिस्टन इंजिनाला पुढे-मागे डोलवतात. चारात हे डोलणं एकमेकांत मिटतं, तीनात मिटत नाही. आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, फेऱ्या कमी, त्यात एसीचा कॉम्प्रेसर ओझं टाकतो, म्हणून ते हाताला लागतं. याच्या बदल्यात एक सिलिंडर कमी म्हणजे घासणारे भाग कमी, आणि अ‍ॅव्हरेजचा फायदा तिथूनच येतो.

पण ‘अशाच’ म्हणून सोडायचं नाही. गाडी न्यूट्रलला ठेवा, एसी बंद करून आणि लावून बघा. मग एक्सिलेटर किंचित दाबून फेऱ्या हजाराच्या वर न्या. थरथर लगेच नाहीशी झाली तर ती इंजिनाच्या जातीचीच आहे. राहिली किंवा वाढली तर इंजिन माउंटिंग तपासायला सांगा, रबर बसलेलं किंवा बोल्ट सैल असू शकतो. शोरूममध्ये त्याच मॉडेलची दुसरी गाडी शेजारी उभी करून तुलना मागा, तो तुमचा हक्क आहे. ८० च्या वर स्टिअरिंग हलत असेल तर ते इंजिन नव्हे, चाकांचं बॅलन्सिंग.

आणि चौथ्या गिअरमध्ये ३० च्या वेगाने गाडी ओढत नेऊ नका. चार सिलिंडरवाल्यांची ही सवय नव्या गाडीला मानवत नाही.

प्रश्न : संकेश्वर–आजरा–आंबोली–सावंतवाडी असा प्रवास नेहमी असतो. एजीएस घ्यावी का? घाटात क्लच जळतो असं ऐकलं.
— वाचक, संकेश्वर

उत्तर : घाटामुळे जळत नाही, पायामुळे जळतो. एजीएस म्हणजे वेगळा गिअरबॉक्स नाही. मॅन्युअलचाच पाच गिअरचा बॉक्स आणि तीच एक क्लच प्लेट, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. चढावर ऊसवाहू ट्रॅक्टरमागे थांबलात आणि ब्रेकऐवजी एक्सिलेटरवर गाडी तोलून धरलीत, की प्लेट अर्धी चिकटून घासत राहते. मिनिटभरात वास येतो, मग दिवा लागतो. त्यामुळे थांबलं की ब्रेक, जास्त वेळ थांबायचं असेल तर हँडब्रेक आणि न्यूट्रल. चढावर गाडी मागे सरकू न देणारा हिल होल्ड तिला एक-दोन सेकंदच धरतो, तेवढ्यात पाय ब्रेकवरून एक्सिलेटरवर जायला हवा.

आंबोली चढताना आणि उतरताना ‘एम’ मोड, म्हणजे गिअर आपण ठरवायचा, तो वापरा. आपोआपच्या ‘डी’ मध्ये यंत्र अ‍ॅव्हरेजसाठी लवकर वरचा गिअर टाकतं आणि पुढच्या वळणावर परत खाली आणतं. या मागे-पुढेमुळे मागे बसलेल्यांना मळमळतं. उतारावर ‘एम’ मध्ये दुसरा गिअर धरला तर इंजिनच गाडी रोखतं, ब्रेक गरम होत नाहीत. ट्रॅक्टरला ओलांडण्याआधी एक गिअर स्वतः खाली घ्या. ओलांडायला निघाल्यावर पाय पूर्ण दाबून यंत्राची वाट बघणं दोन्ही पिढ्यांत धोक्याचं.

वापरलेली एजीएस घेताना एक विचारा : क्लच प्लेट बदलली आहे का, आणि बदलल्यावर स्कॅनरने क्लचची पकड नव्याने शिकवली का? नुसती प्लेट बदलून गाडी परत दिली की पहिल्या गिअरला झटके मारते, आणि मग यंत्रालाच दोष दिला जातो.

प्रश्न : कोल्हापूरची २०२२ ची डिझायर, एमएच-०९ पासिंग, इथल्यापेक्षा स्वस्त मिळते आहे. विकणारा म्हणतो, ‘तशीच चालवा, निपाणीत कोण विचारतो?’
— वाचक, निपाणी

उत्तर : निपाणीत नाही, पण बेळगावच्या नाक्यावर आणि अपघातानंतर इन्शुरन्सवाला नक्की विचारतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर नवा नंबर घ्यावाच लागतो. तुम्ही निपाणीचा पत्ता असलेले मालक होणार, म्हणजे ‘पाहुण्यांची गाडी’ हे कारणही चालणार नाही.

स्वस्त का, हे समजून घ्या. कर्नाटकात ५ ते १० लाखांच्या गाडीला आजीवन कर १४ टक्के आणि त्या करावर ११ टक्के उपकर. साडेसात लाखांच्या गाडीला १,१६,५५० रुपये. महाराष्ट्रात त्याच पेट्रोल गाडीला ११ टक्के, म्हणजे ८२,५००. सेकंडहँड किमतीत हा ३४ हजारांचा फरक दिसतो, पण इथे पासिंग करताना कर्नाटकचा कर, गाडीच्या वयाप्रमाणे कमी होऊन, तुम्हालाच भरायचा असतो. तो आकडा चिकोडी आरटीओत विचारून मगच सौदा बोला.

क्रम असा : आधी कर्ज फेडल्याचा दाखला आणि फॉर्म ३५, म्हणजे आरसीवरचा बँकेचा बोजा उतरतो. सगळे ऑनलाइन चलन भरून घ्या. मग विकणाऱ्याने कोल्हापूर आरटीओतून फॉर्म २८ वर एनओसी घ्यायची, चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा त्याला लागतो. एनओसी आली की फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, आणि चिकोडीला फॉर्म २७ सह केए-२३ नंबरसाठी अर्ज. सोबत इन्शुरन्स, पीयूसी, पत्त्याचा पुरावा. गाडी नावावर होण्याच्या तारखेपासून १४ दिवसांत इन्शुरन्स कंपनीला कळवा. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण तो अर्ज तिथल्या मूळ मालकाच्या नावाने होतो. तो पैसा कोणाचा, हे सौद्याच्या कागदावर लिहून घ्या. पूर्ण पैसे एनओसी हातात आल्यावरच द्या.

प्रश्न : माझी २०१८ ची पेट्रोल डिझायर. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं. इंजिन खराब होईल का? अ‍ॅव्हरेज पडलं आहे.
— वाचक, चिकोडी

उत्तर : आपल्याच शेतातला ऊस आपल्याच टाकीत आला आहे, त्याच्याशी जुळवून घ्यावं लागेल. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेलं की हिशोबाने तीन ते चार टक्के अ‍ॅव्हरेज जायला हवं. तुमचं त्याहून जास्त पडलं असेल तर दोष इथेनॉलचा नाही. एअर फिल्टर, टायरची हवा आणि स्पार्क प्लग बघा.

एप्रिल २०२३ पासून बनलेल्या मारुतीच्या गाड्या ई-२० साठी तयार आहेत, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या शेवटच्या वर्ष-दीड वर्षातल्या डिझायरही. २०१८ ची नाही. तिच्यात रबरी नळ्या आणि पंपाची सीलं आधी कडक होतात किंवा फुगतात. सर्व्हिसिंगला टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळ्या मुद्दाम बघायला सांगा, ओलसर डाग किंवा पेट्रोलचा वास आला तर लगेच बदला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात गाडी पंधरा-पंधरा दिवस उभी राहत असेल तर टाकी अर्ध्याच्या वर ठेवा, रिकाम्या टाकीतली दमट हवाच पाणी सोडते. बाटलीतली ‘इथेनॉल काढणारी’ औषधं घेऊ नका. टाकीतून इथेनॉल काढणारं औषध नसतं.

प्रश्न : नव्या सीएनजी डिझायरची डिकी किती उरते? घाटात चालते का?
— वाचक, येळ्ळूर

उत्तर : पेट्रोल गाडीची डिकी ३८२ लिटर (जुनीची ३७८). सीएनजीत तिथे आडवी टाकी बसते, दोन लहान बॅगा कशाबशा मावतात. ताकद सीएनजीवर ६९.७५ पीएस आणि १०१.८ न्यूटन मीटर. जुनीत ७७.५ आणि ९८.५ होते. घाट चढते, पण भरलेल्या गाडीला चढाआधी पेट्रोलवर घ्या. अ‍ॅव्हरेज किलोला ३३.७३ किलोमीटर, जुनीचं ३१.१२, हेही चाचणीतले आकडे. आठवड्यातून एकदा चार-पाच किलोमीटर पेट्रोलवर चालवा, नाहीतर पेट्रोल शिळं होऊन इंजेक्टर चिकटतात. टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, लागते. वापरलेली सीएनजी घेताना त्या चाचणीच्या पाटीवरची तारीख आधी वाचा.

प्रश्न : व्हीएक्सआयला १४ इंची चाकं आहेत. १५ किंवा १६ बसवली तर गाडी खड्ड्यात कमी घासेल का?
— वाचक, सदलगा

उत्तर : १५ चालतील. १६५/८० आर १४ टायरचा पूर्ण व्यास सुमारे ६२० मिलिमीटर, झेडएक्सआयला येणाऱ्या १८५/६५ आर १५ चा ६२१. म्हणून स्पीडोमीटर चुकत नाही, आणि म्हणूनच गाडी उंचही होत नाही. तळाची उंची दोन्ही पिढ्यांत १६३ मिलिमीटर आहे, ती तशीच राहते. १६ इंची रिम बसवून पातळ टायर घातले तर खड्ड्यात रिमच वाकेल. उंची हवी असेल तर दुसरी गाडी बघा.

प्रश्न : गळीत हंगामात उंदीर बोनेटमध्ये शिरून वायर कुरतडतात. तंबाखू ठेवावी का?
— वाचक, निपाणी

उत्तर : तुमच्याकडे तंबाखूची कमतरता नाही, ठेवा. पण सुटी पानं नको, ती पट्ट्यात आणि एअर फिल्टरच्या तोंडात ओढली जातात. कापडी पुरचुंडी करून बॅटरीच्या स्टँडला बांधा आणि वास गेला की, साधारण पंधरवड्याने, बदला. गाडी रोज एका जागी उभी करू नका, आणि रात्री बोनेट अर्धवट उघडं ठेवलं तर उंदराला अंधारी, उबदार जागा मिळत नाही. सकाळी इंजिनाचा दिवा लागला असेल तर गाडी न चालवता आधी वायरिंग बघा. इंजेक्टरची वायर तुटली असेल तर एक सिलिंडर बंद पडतं, आणि तीन सिलिंडरच्या नव्या गाडीत ते लगेच कळतं.